अंगठा बरा होतोय

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि या शाळेच्या मुख्याध्यापिका रेवतीबाई, व्यासपीठावर बसलेले संस्थेचे चिटणीस देवव्रतसाहेब, सूत्रसंचालन करणाऱ्या क्षमाबाई, सर्व शिक्षक, शिक्षकेतर मंडळी, मागे भिंतीला टेकून उभी असलेली दहावीची मुलं, आणि जिला निरोप द्यायला आपण जमलो ती माझी सून नमिता. सगळ्यांना माझा नमस्कार. कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल तर तो माझ्या चष्म्याचा दोष समजा.

मी बळवंत. राहणार कांजूर गाव. सातवीपर्यंत शिकलो, त्यातले शेवटचे चार महिने शाळेत कमी आणि होडीवर जास्त होतो. अशा माणसाने विज्ञान शिकवणाऱ्या बाईंबद्दल काय बोलावं? खरं तर आज माझा मुलगा निमेश बोलणार होता. तो हॉस्पिटलात कामाला आहे, त्याला सुट्टी मिळाली नाही. क्षमाबाई म्हणाल्या, काका, घरचं कुणीतरी बोललं पाहिजे. म्हणून मी लिहून आणलंय. अक्षर लावून वाचतो, एवढं सांभाळून घ्या.

नमिता या शाळेत अकरा वर्षं होती. आता ती नोकरी सोडून पूर्ण वेळ व्हिडिओ बनवणार. पण त्याची सुरुवात याच शाळेतली, हे किती जणांना माहीत आहे? माशाचे कल्ले कसे असतात हे आठवीला दाखवायचं होतं. नमिताने माझ्या बायकोला, कमळला, मासा कापायला बसवलं आणि मोबाइलवर चित्रण केलं. वर्गात ते लावल्यावर एका मुलाने विचारलं म्हणे, "बाई, आजी हा मासा आता तळणार का?" मुलांना कल्ल्यांत रस नव्हता, आजीत होता. नमिताने दुसऱ्या दिवशी तळतानाचं चित्रण केलं. तिथून चॅनल सुरू झाला. कमळमावशीचं म्हावरं. म्हावरं म्हणजे मासळी, हे इथल्या शाकाहारी मंडळींसाठी सांगतो. देवव्रतसाहेब हसले, म्हणजे त्यांना आधीच माहीत होतं.

यंदा एप्रिलच्या अखेरीस नमिताने राजीनामा दिला. तीन महिन्यांची नोटीस. माझी झोप उडाली. सरकारमान्य शाळा, कायम नोकरी, उन्हाळ्याची सुट्टी, पुढे निवृत्तिवेतन. आणि समोर काय, तर मोबाइल. लोकांना उद्या दुसरी मावशी आवडली तर? मी तिला रोज विचारायचो. ती शांतपणे समजावायची. एका गोष्टीवर विसंबून राहायचं नाही, मसाले विकायचे, मासळी साफ करायचे वर्ग घ्यायचे. आणि दर शुक्रवारी सकाळी व्हिडिओ आलाच पाहिजे. काही झालं तरी. लोकांना शुक्रवारची सवय लागली की ते आपल्याला सोडत नाहीत.

कमळ मला हसायची. म्हणायची, मी चाळीस वर्षं मुलुंडच्या बाजारात पाटी घेऊन बसले, मला कोण पगार देत होतं? रोज गिऱ्हाईक नवं, रोज म्हावरं नवं. तिला सोडू द्या शाळा.

मी एकदा रेवतीबाईंना गुपचूप भेटून गेलो होतो, राजीनामा दाबून ठेवता येईल का विचारायला. बाईंनी मला चहा दिला आणि सांगितलं, ते नमिताने स्वतः येऊन सांगायला हवं. नमिता, हे तुला माहीत नव्हतं. अजूनही काही गोष्टी तुला माहीत नाहीत. म्हणून तर मी उभा राहिलो.

आता ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी. एक जूनपासून दोन महिने समुद्रात मासेमारी बंद असते. ताजी मासळी नाही, आणि नमिताचा नियम असा की बर्फातली शिळी मासळी कॅमेऱ्यापुढे आणायची नाही. मग ते शुक्रवार कसे भरायचे? तिने हिशोब केला, नऊ शुक्रवार. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी नऊ प्रकारची मासळी आणली आणि नऊ व्हिडिओ एका दिवसात करायचे ठरले. या धंद्यात सगळे असंच करतात म्हणे. बघणाऱ्याला वाटायला हवं की प्रत्येक व्हिडिओ त्याच आठवड्यातला आहे. म्हणून नऊ साड्या काढल्या. एक व्हिडिओ झाला की कमळ आत जायची, साडी बदलायची, केसातलं फूल बदलायची, बाहेर यायची. पहिल्यांदा आली तेव्हा मी म्हटलं, नवरी आली. तिसऱ्यांदा आली तेव्हा तीच म्हणाली, आता वरमाय आली.

पहिलाच मासा शिंगाळा होता. त्याचा काटा तिच्या उजव्या अंगठ्यात गेला. हळद लावून पांढरी चिंधी बांधली आणि काम पुढे चालू. साड्या बदलल्या, फुलं बदलली, बांगड्यासुद्धा बदलल्या. चिंधी बदलायचं कुणालाच सुचलं नाही. नऊच्या नऊ व्हिडिओंत तीच चिंधी.

सातवा व्हिडिओ झाला तेव्हा नमिता खाली गेली होती, कोथिंबीर संपली म्हणून. कमळ पाटावर बसून राहिली. मला म्हणाली, "अवो, आज बस करूया का? मना बरा नाय वाटत."

मी तिथेच वही घेऊन बसलो होतो, झालेल्या व्हिडिओवर खूण करत. मी काय म्हणालो असेन? "दोनच तं ऱ्हायल्यान. उरकून टाक."

तिने उरकून टाकलं.

नमिता, बसून राहा. मला पूर्ण बोलू दे. तू जिना चढून आलीस तेव्हा ती आठवी साडी नेसून तयार होती. तिने तुला काही सांगितलं नाही आणि मीही नाही. नऊ दिवसांनी, मंगळवारी सकाळी, ती चहा गाळताना खाली बसली ती उठली नाही. अंगठ्याचं काही नव्हतं, हृदय थांबलं. डॉक्टर म्हणाले, आजार जुना होता, त्या दिवसामुळे असं झालं म्हणता येणार नाही. तू मात्र दोन महिने स्वतःला दोष देतेस, मीच आईंना दमवलं म्हणून. मी ते ऐकत जेवत राहिलो. तू तिथे नव्हतीस गं. थांबूया म्हणाली ती मला.

माफ करा, मी विषय सोडून चाललो असं वाटेल. साहेबांनी घड्याळ पाहिलं. पण हाच विषय आहे.

तुम्ही सगळे कमळच्या कार्याला आला होतात, त्याबद्दल आभार. तेरावं झाल्यावर नमिता म्हणाली, बाबा, लोकांना सांगून टाकते. मी तिचे हात धरले. म्हटलं, नऊ शुक्रवार तिच्या नावाचे आहेत, तेवढे तिला असू दे, मग सांग. तिला पटलं नव्हतं. माझ्याकडे पाहून तिने ऐकलं. तेव्हा कुणी म्हणत असेल की या बाईने मेलेल्या सासूवर चॅनल चालवला, तर त्याने माझ्याकडे बोट दाखवावं.

त्यानंतर आमच्या घरात काय सुरू झालं ते कसं सांगू? नमिता आतल्या खोलीत व्हिडिओ नीट करायची. कमळचं एकच वाक्य सात-आठ वेळा ऐकू यायचं. "चिंच आधी घालू नका." पुन्हा, "चिंच आधी घालू नका." मी बाहेरून हो म्हणायचो. नंतर लक्षात यायचं. आठव्या व्हिडिओत तिचा श्वास लागलेला ऐकू येत होता, नमिताने एकेक श्वास कापून काढला. लोकांनी गेल्या शुक्रवारी पाहिला त्यात ती न दमता बोलते. कापलेले श्वास कुठे जातात मला माहीत नाही. मला ते अजून ऐकू येतात, भाजी चिरताना, नळ चालू असतानासुद्धा.

आता माझा खरा गुन्हा. व्हिडिओखाली लोक लिहितात, त्यांना उत्तर देणं हे पहिल्यापासून माझं काम. कमळला लिहिता येत नव्हतं. ती सांगायची, मी तिच्या नावाने टाइप करायचो. ती गेल्यावर नमिताने ते वाचणं सोडून दिलं, तिला वाचवत नव्हतं. मी वाचत होतो. पहिले दोन व्हिडिओ नमिताने आधीच वेळ लावून ठेवले होते, ते आपोआप आले. पहिल्याच शुक्रवारी कुणीतरी लिहिलं, मावशी, अंगठ्याला काय झालं? मी लिहिलं, काटा लागला, बरा होतोय.

ती जाऊन तीन दिवस झाले होते.

मग पुढच्या शुक्रवारी, त्याच्या पुढच्या शुक्रवारी. साडी निराळी, चिंधी तीच. मावशी, अजून बरा नाही? मी लिहायचो, होतोय. खरं सांगू का, लिहिताना मला बरं वाटायचं. जो अंगठा बरा होतोय तो कुणाचा तरी असणारच ना?

नाहूरच्या शीतल नावाच्या बाई दर आठवड्याला विचारायच्या. त्यांनी लिहिलं, जखम सहा आठवडे भरत नाही, मावशी, साखर तपासा, माझ्या भावाचं पाऊल असंच दुर्लक्ष करून गेलं. मी लिहिलं, तपासली, ठीक आहे. त्यांना पटलं नाही. कांजूर गावात मासळीवाल्या कमळमावशीचं घर शोधायला कितीसा वेळ लागतो? गेल्या रविवारी दुपारी त्या दारात उभ्या. पिशवीत मलम, साखर तपासायचं यंत्र. नमिता आणि निमेश बाजारात गेले होते. मी दार उघडलं. समोरच्या भिंतीवर कमळचा फोटो, हार घातलेला.

बाईंनी चपला काढल्या होत्या, त्या तशाच उंबऱ्यात उभ्या राहिल्या. फोटोखालची तारीख वाचली. त्या रडल्या नाहीत की ओरडल्या नाहीत. हळू आवाजात विचारलं, "मग मला उत्तर कोण देत होतं?"

माझा हात खिशातल्या मोबाइलवर गेला. त्या माझ्याकडे पाहत होत्या, आणि थोडं मागे सरकल्या. म्हाताऱ्या माणसाला पाहून कुणी असं मागे सरकलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. जाताना म्हणाल्या, मी कुणाला सांगणार नाही, पण तुम्ही सांगा. मलम फोटोपाशी ठेवून गेल्या. नमिता, तू विचारलंस हे मलम कुणाचं, तेव्हा मी शेजाऱ्यांचं म्हणालो.

काय म्हणतेस? मोठ्याने बोल, मला ऐकू येत नाही.

ती म्हणते, किती जणांना लिहिलंत, बाबा?

चौऱ्याऐंशी. मी मोजलेत. चौऱ्याऐंशी माणसांना तुझ्या सासूच्या नावाने खोटं लिहिलंय, ती नसताना. आणि उद्या शुक्रवार, नववा. आज तुझी नोकरी संपते आणि उद्यापासून तुझं पोट याच माणसांच्या विश्वासावर आहे. ते रागावतील. काही जण सोडून जातील, कदाचित बरेच. मी हे तुला घरात सांगायला हवं होतं. चार दिवस प्रयत्न केला. घरात तिचा आवाज चालू असतो, तिच्यासमोर मला बोलता आलं नाही.

उद्या तो नववा व्हिडिओ लावायचा की नाही, हे तू ठरव. मी त्यात पडणार नाही. पण त्याआधी मला पाटावर बसव आणि कॅमेरा लाव. काय झालं ते मी माझ्या तोंडाने सांगेन. साडी, फूल, काही बदलायचं नाही. मध्ये दम लागला तर कापू नकोस.

रेवतीबाई, निरोपाच्या दिवशी मी हे काय घेऊन बसलो असं वाटलं असेल. तुमच्या शाळेने माझ्या सुनेला अकरा वर्षं सांभाळलं, तिच्या दुःखात तुम्ही आमच्या ओट्यावर येऊन बसलात, आज शाल दिलीत, मला माइक दिलात आणि मधेच काढून घेतला नाहीत. याबद्दल आमच्या घराकडून सगळ्यांचे मनापासून आभार. बोलताना कुणाचा मान राखायचा राहिला असेल, वेळ जास्त गेला असेल, तर अडाणी माणूस म्हणून पदरात घ्या. त्या खोट्या उत्तरांची माफी मात्र मी इथे मागत नाही. ती चौऱ्याऐंशी जणांकडे मागायची आहे, एकेकाला, माझं नाव लिहून. सुरुवात शीतलबाईंपासून करतो. त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर अजून द्यायचंय.