गोधडीचे रंग फोनला विचारा

…आणि वर बायको मलाच विचारते, "तुम्हाला रंगातलं कळतं तरी काय?" अहो, नाही कळत! नाहीच कळत! कळतं असं मी कधी म्हटलंय का? तुम्हाला सांगतो, जन्मापासून मला लाल आणि हिरवा एकच दिसतो. डॉक्टरांनी तसं लिहून दिलंय. टोमॅटो पिकलाय का कच्चा आहे, हे मी बोटानं दाबून ओळखतो, म्हणून भाजीवाला मला लांबूनच हातानं "नको नको" करतो! लेकीच्या लग्नात एका पायात लाल मोजा आणि दुसऱ्यात हिरवा घालून मी फोटोला उभा राहिलो, तो फोटो आजही आमच्या भिंतीवर आहे… गुडघ्यापासून खाली कापलेला! तेव्हा मला कळत नाही हे मान्य. पण मी कुठं काय म्हटलं होतं? फोन म्हणाला!

झालं काय, की लेकीला बाळ झालं. आता आमची ही बाळाला गोधडी शिवणार हे आलंच. बाकी काही आलं नाही तरी चालेल, पण हिच्या हातची गोधडी! लगेच पलंगावर तुकडे, खुर्चीवर तुकडे, जेवायच्या टेबलावर तुकडे. मी एकदा त्यातल्या एकाला तोंड पुसलं तर "अहो, ती कड आहे!" म्हणून ओरडली. तुकडे भरपूर, पण रंग काही ठरेनात. हा इथं ठेव, तो तिथं ठेव, मान वाकडी करून बघ, सुस्कारा टाक, परत उचल. शेवटी लेकीचा फोन आला.

"आई, आता डोळ्यांनी रंग कोण निवडतं गं? ॲप असतं त्याला!"

हिचा फोन बटणांचा. त्यात ॲप कुठून येणार? मग ते आलं माझ्या फोनवर. म्हणजे बघा, अख्ख्या खानदानात ज्याला रंग दिसत नाहीत, त्याच्या हातात रंगखातं!

आणि काय ते ॲप हो! आत एक बाई बसलीय. गोड! इतकी गोड की ऐकून दात किडावेत. कापडासमोर फोन धरला की म्हणते, "आपला रंग आहे… दमलेला गुलाबी!" दुसऱ्यासमोर धरला, "आपला रंग आहे… ओल्या वाळूची आठवण!" आता मला सांगा, वाळूची आठवण? दुकानात जाऊन मागायची कशी? "दोन मीटर आठवण द्या हो, ओली"?

पण खोटं कशाला बोलू, मला चढलं! आयुष्यात पहिल्यांदा मी रंगांची नावं घेत होतो! पडद्यावर फोन धर, सोफ्यावर धर, पायपुसण्यावर धर… पायपुसणं निघालं "संध्याकाळचं धुकं"! माझ्या टकलावर धरला तर "जुनं हस्तिदंत". बरं वाटलं. त्या भरात हिच्या गालावर धरला. बाई म्हणाली, "भाजलेली वीट."

"काय म्हणालात?"

"अगं, मी कुठं काय म्हणतोय? फोन म्हणतोय!"

त्या दिवशी जेवण मी माझं वाढून घेतलं.

मग लेकीनं तिच्या फोनवरून एक अख्खी रंगसंगतीच पाठवली. तिचं नाव "सकाळची साखरझोप". म्हणाली, "आई, डोळे झाकून हीच घे! इतके शांत रंग आहेत, बघता बघता पेंग येते!" हिनं माझ्या फोनमध्ये बघितलं. चष्मा लावून बघितलं. चष्मा पुसून बघितलं.

"हे शांत?"

"बाई म्हणतेय, फिकट पीच."

"हे फिकट? अहो, हे अंगावर धावून येतंय!"

"अगं, मी कुठं काय म्हणतोय? फोन म्हणतोय! आणि लेकही म्हणतेय!"

चष्मा काढून ठेवला. पोरीला आवडलंय ना, मग आपण कशाला मोडता घालायचा? आई आहे शेवटी. असेल बाबा हल्ली हीच फॅशन, असं म्हणून घोट गिळला बिचारीनं… आणि मी? मी पुढं होऊन पिशवी घेतली!

कापडवाल्याकडं गेलो. त्यानं फोन घेतला आणि एकेक तागा फोनच्या पडद्याला लावून रंग जुळवायला लागला. मध्येच थांबला. आधी फोनकडं बघितलं, मग हिच्याकडं, आणि हळूच विचारलं, "सर्कशीसाठी का?"

"नातवासाठी," ही म्हणाली. दात आवळून.

तो माळ्यावर चढला. तिथून जे तागे काढले, त्यांवर धूळ अशी बसलेली, की झटकल्यावर तो स्वतःच शिंकत दुकानाबाहेर गेला. म्हणाला, "हे घ्या. कोणी मागेल असं वाटलं नव्हतं."

हिनं शिवली गोधडी. टाक्याला टाका लावून, मान मोडून, काय सुबक शिवली! पण शिवताना एकदाही "छान दिसतेय" म्हणाली नाही. घडी घातली, कागदात गुंडाळली आणि आम्ही गेलो लेकीकडं.

लेकीनं कागद सोडला. आणि तिचा चेहरा… आई गं!

"आई… हे काय?"

"साखरझोप," ही म्हणाली.

लेकीनं आपला फोन काढला, माझ्या फोनशेजारी धरला. तीच रंगसंगती, तेच नाव! पण हिनं तिच्या फोनमध्ये बघितलं आणि मटकन खाली बसली. म्हणे, तिथं खरंच सकाळ होती. खरंच झोप होती.

"बाबा," लेक म्हणाली, "मागं तुमच्या डोळ्यांसाठी फोनमध्ये रंग बदलायचं बटण चालू करून दिलं होतं मी! लाल-हिरवं वेगवेगळं दिसावं म्हणून! तुम्हाला सांगितलं होतं की!"

सांगितलं असेल हो! मी "हो हो" म्हणालो असेन! पोरं फोनबद्दल सांगतात तेव्हा माणूस दुसरं काय म्हणतो?

ही माझ्याकडं अशी बघायला लागली, की "मी कुठं काय म्हटलं" हे वाक्य माझ्या घशातच राहिलं. डोळ्यांत पाणी होतं हो तिच्या. एवढी शिवलेली… आणि मला तर सांगायचीही चोरी, की त्या गोधडीतला प्रत्येक तुकडा मला वेगळा दिसत होता! खरंच! आयुष्यात पहिल्यांदा! हा इथं संपला, तो तिथं सुरू झाला. मी गुपचूप बोट फिरवत बसलो होतो.

लेक म्हणाली, "असू दे आई, जपून ठेवते," आणि गोधडी कपाटाकडं निघाली. तोच नातवानं भोकाड पसरलं! आणली परत, तर चूप. नेली, की भोकाड. आणली, की डोळे वटारून बघतोय! एकेका तुकड्याकडं! आणि बघता बघता… झोपला! शांत!

आता तो दुसऱ्या कशावर झोपतच नाही. लेक म्हणते, "आई, ही धुवायला टाकली की काय करू? अशीच अजून एक हवी."

माझा फोन हिनं ड्रॉवरमध्ये टाकून किल्ली कमरेला लावलीय. कापडवाल्याकडचे ते तागे संपले, नवे तो आणणार नाही म्हणतो, त्याचीही अब्रू आहे. तर काल ही माझ्यासमोर येऊन बसली. दोन्ही हातांत एकेक तुकडा.

"गोधडीवर बोट फिरवत बसला होतात, बघितलंय मी. तुमचे आणि नातवाचे डोळे जुळतात," म्हणाली. "आता फोन नको, कोणी नको. तुम्हीच सांगा. हा, का हा?"

आवाज काय मऊ हो! इतक्या वर्षांच्या संसारात मला कोणी असं मत विचारलं नव्हतं. मी चष्मा लावला. मान वाकडी करून बघितलं, सुस्कारासुद्धा टाकला.

दोन्ही सारखेच दिसत होते.

म्हटलं, "डावीकडचा."