गरम झालेला डिफरन्शियल

हसू नका गं, पण मी एकदा ट्रक दुरुस्त केलाय. एकोणीसशे पंचावन्नच्या आसपासची गोष्ट. आम्ही जोगेश्वरीला राहायचो, घरोघरी जाती होती, माझ्या दंडात बळ होतं आणि जिभेला हाड नव्हतं. काय दिवस होते!

आमचे हे एका शेठच्या खाणीवर खडीचा ट्रक चालवायचे. मिस्त्रीने ट्रकच्या डिफरन्शियलमधली, म्हणजे मागच्या धुऱ्यातल्या गोळ्यातली, दातेरी चाकं नवी बसवली आणि दुसऱ्याच खेपेला तो गोळा तापला. मी डबा घेऊन गेले, तर मिस्त्री शेठला सांगतोय, "ड्रायव्हरच गाडी रगडतो." शेठ ह्यांना म्हणाला, "उद्यापासून येऊ नकोस." हे आपले मान खाली घालून चावी परत द्यायला निघाले!

मी मिस्त्रीला विचारलं, "तेल घातलंत?"

"काठोकाठ आहे, बाई."

"मग चाकं घट्ट बसवलीत. जात्याला टाकी लावून दगड नव्याने खडबडीत केले की दोन्ही एकमेकांवर घासतात, पीठ गरम येतं. आम्ही मधल्या खिळ्यावर चिंधी ठेवून वरचा दगड जरा उचलतो. तुम्ही मध्ये काय घातलंत?"

"बाई, हे जातं नाही."

"मग खोल आणि दाखव!"

शेठने खोलायला लावलं. जुनी चाकं काढताना निघालेल्या, मध्ये फट ठेवणाऱ्या पातळ चकत्या मिस्त्रीने परत घातल्याच नव्हत्या. त्या घालून ट्रक दहिसरपर्यंत जाऊन आला. मी गोळ्यावर तळहात टेकवला. नुसता कोमट!

शेठ म्हणाला, "कळलं बाई, काढा आता हात."

म्हटलं, "आधी सांगा, ह्यांनी उद्या किती वाजता यायचं?"