रामेश्वराच्या नारळाआधी

कट्टा गावच्या थांब्यावर आनंदीबाई सोमवारचा जप करीत बसल्या होत्या. शेजारी दत्ताराम कोल्हापूरच्या एस.टी.ची वाट बघत बायकोशी बोलत होता.

“नव्या ट्रकाक दुकानदारान न विचारता पडदे, झालर, भोंगो बसवल्यान. म्हणता, तसोच घे, नायतर ट्रक दुसऱ्याक देतंय.”

“सांग त्याका, गावच्या रामेश्वराक नारळ फुटल्याबिगर आमी नव्या गाडयेक फूलसुदा लावणव नाय.”

“हसात तो, जानके.”

“हसांदे. हसता हसता काढीत.”

“भोंगो मात्र बरो वाजता गो.”

“तुझो घसो काय कमी आसा?”

“आणि नायच काढल्यान तर?”

“तर तसोच परत ये. दुसरो ट्रक गावतलो.”

एस.टी. आली. आनंदीबाईंच्या बोटांत मणी तसाच राहिला. दत्ताराम चढला आणि खिडकीतून वाकला.

“येताना नारळ आणू?”

“नको. मिया आजच आणून ठेवतंय.”