कुंदाने डॉक्टरीणबाईंना काय सांगितलं

मंडळी, आज कीर्तनाला एकच प्रश्न घेऊन उभी आहे. नवऱ्याने परक्या माणसासमोर खोटं सांगितलं आणि बायकोने तिथल्या तिथे ते खोडून काढलं, तर ती बायको इमानी की घरभेदी? सांगा की! पुरुष मंडळींचं उत्तर तोंडावर दिसतंय, आणि बायका पदराआड हसतायत. बरं, आधी ऐका!

एका तालुक्याच्या गावी विश्वंभर नावाचा पेंटर होता. दुकानांच्या पाट्या, शाळेच्या भिंती सगळं तोच रंगवायचा. अक्षर असं, की पट्टी लावून तपासावं! ग्रामपंचायतीच्या भिंतीवर 'व्यसनमुक्त गाव' हे त्यानेच लिहिलं. सकाळी सकाळी, क्वार्टर पोटात गेल्यावर!

हसा, हसा! पण का घेतली होती? न घेता ब्रश सरळ चालतच नव्हता! पेटीवाले काका, आता हसू आवरा. मौजेने पिणारा वेगळा. हात स्थिर राहावा म्हणून प्यावी लागते, तेव्हा मालक बदलला म्हणून समजा!

त्याची बायको कुंदा म्हणायची, "अहो, पुरे करा आता."

"मला व्यसन असतं तर श्रावण पाळला असता का गं?"

ओळखीचं वाटतंय ना वाक्य? आता त्याचा श्रावण ऐका. दुसऱ्या दिवशी घाम, तिसऱ्या दिवशी उलट्या. मग "अशक्तपणा आलाय" म्हणत खोकल्याच्या औषधाच्या झाकणाने घेतली. झाकणाने! म्हणजे श्रावण मोडला नाही!

तर या विश्वंभरचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. सोमवारी तपासणी, गुरुवारी ऑपरेशन. शेजारच्या दाजिबाने सल्ला दिला, "दोन दिवस थेंब घेऊ नकोस. रक्त साफ होतं, डॉक्टरच्या बापाला कळत नाही!" विश्वंभरने शनिवारी संध्याकाळपासून एकदम बंद केली. रविवारी डोळ्याला डोळा नाही. सोमवारी सदऱ्याचं बटण कुंदाने लावून दिलं.

दवाखान्यात भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई. वयाने लहान, नजर पक्की.

"काका, दारू घेता?"

"छे! आमचं माळकरी घराणं."

"हात पुढे करा बरं."

हात पिंपळाच्या पानासारखे लटलट!

"थंडी आहे हो," विश्वंभर म्हणाला. मंडळी, मे महिना होता!

डॉक्टरीणबाईंनी कुंदाकडे पाहिलं. विश्वंभरनेही पाहिलं, डोळे वटारून. निघताना सासूबाईंनी बजावलं होतं, "घरातलं बाहेर काढू नकोस गं." काय करावं तिने? बायांनो, मी स्वतः लेकुरवाळी आहे. बाळ आजारी पडलं, तर त्याची एकेक उलटी आपण डॉक्टरांना मोजून सांगतो. मग नवऱ्याच्या वेळी जीभ का अडते?

कुंदाची अडली नाही.

"घेतात. रोज. सकाळीसुद्धा. परवा संध्याकाळपासून एकदम बंद केलीय."

"कुंदे! घरी चल, बघतो तुला!"

"बघा. पण घरी यायला हवं ना तुम्ही!"

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "काकू, बरं झालं बोललात. काका, रोज इतकी घेणाऱ्याने एकदम सोडली, तर शरीर खवळतं. झटके येतात, भ्रम होतो. जीवसुद्धा जातो. गुरुवार विसरा. आत्ता भरती व्हा."

दुपारी विश्वंभर चादरीवरून मुंग्या वेचायला लागला. मुंग्या नव्हत्याच! पण औषध तयार होतं, नर्स उशाशी होती. का? तर आजार कुठला, हे आधी कळलं होतं! हेच पोट उघडल्यावर झालं असतं तर?

चौथ्या दिवशी माणूस भानावर आला. कुंदाशी बोलला नाही. पाचव्या दिवशी म्हणाला, "चहा दे." सहाव्या दिवशी रडला. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "हा आजार आहे, काका. याला उपचार आहेत." उपचार सुरू झाले. तीन महिन्यांनी पुन्हा तीच खोली, तोच प्रश्न. आता मात्र कुंदाकडे कुणी पाहायच्या आत विश्वंभर म्हणाला, "मध्ये एकदा घसरलो, मॅडम. बावीस दिवस झाले. लिहून घ्या."

त्या गुरुवारी ऑपरेशन झालं. माणूस चालत घरी आला.

आता तुमच्याकडे वळते. उद्या याच मंडपात तपासणी शिबिर आहे. क्वचित कधी घेणाऱ्यांनो, आज घेऊ नका, एवढंच. पण ज्यांचे हात सकाळी घेतल्याशिवाय थांबत नाहीत, त्यांनी दाजिबाचं ऐकू नका! मनानेच एकदम बंद करू नका. उद्या सगळ्यांच्या आधी येऊन डॉक्टरांना खरं काय ते सांगा. आणि आजच घाम, थरथर, भास सुरू झाले, तर शिबिराची वाट बघू नका, सरळ दवाखाना गाठा.

आणि बायांनो, रांगेत त्याच्या शेजारी उभ्या राहा. तो "नाही" म्हणाला, तर तुम्ही "हो" म्हणा. मोठ्याने म्हणा!