शांतीच्या लग्नातला पांढरा शर्ट

"बिचारीला आईबापांनी पार्सल करून पाठवलंय बघ" — नीताकाकू, असं म्हणाल्या हो आमच्या घरमालकीणबाई, ऊटे, नवऱ्याजवळ — म्हणजे नवरा नव्हे, ते सांगते पुढे — आणि मी वरच्याच पायरीवर, कपड्यांची बादली घेऊन उभी! मला जर्मन येत नाही असं त्यांनी आपलं ठरवून टाकलं होतं. बोलायचं ते माझा नवरा कपिल बोलतो, मी नुसती हसते, गळ्यात मंगळसूत्र, पायात जोडवी — झालं, पार्सल. पुण्यात तीन वर्षं क्लास केलाय मी जर्मनचा. पण बोलले नाही. आपल्याला कळत नाही असं लोकांना वाटू देण्यात एक गंमत असते — बसा ना, चर्चबाहेरच्या या बाकावर ऊन आहे. आत जाऊन काय करायचंय? नवरीचे आईबाप, म्हणजे हेच दोघं, आलेले नाहीत अजून. येतील का? तीच तर धाकधूक आहे, म्हणून तर मी मघापासून रस्त्याकडे बघतेय.

अहो, आईबापच ते, पण अस्सल हिप्पी! तुमच्या वेळी यायचे ना गोव्याला, केस वाढवलेले? त्यातलेच. ऊटे आणि युर्गन, जुन्या व्हॅनमधून थेट आरंबोलपर्यंत गेलेले. घरात अजून उदबत्तीचा वास, एक तार तुटलेली सतार, आणि खालच्या संडासात गणपतीचं पोस्टर — मी पहिल्यांदा गेले तेव्हा चपला काढाव्यात का घालाव्यात तेच कळेना, तशीच परत आले. पस्तीस वर्षं एकत्र आहेत, लग्न केलेलं नाही — लग्न म्हणजे म्हणे सरकारी शिक्का. मनानं मात्र चांगले हं. पार्सलच्या दुसऱ्याच दिवशी आमच्या दारात एक पत्रक — नवऱ्याने छळलेल्या बायकांसाठी निवारा. कपिलने वाचलं आणि आठवडाभर भांडी घासली. मी काही खुलासा केला नाही. कशाला करू?

आणि यांची लेक — नाव शांती, खरंच, जन्मदाखल्यावर! कामाला बँकेत, फ्रँकफर्टला. रुमालाला इस्त्री करते. आत्ता वर्ल्डकपमध्ये गाडीला जर्मनीचा झेंडा लावून आली, तर देशभक्तीचं वावडं असलेले युर्गन दिवसभर तिच्याशी बोलले नाहीत. ती का अशी? तर लहानपणी घरात दहा-बारा माणसं, कोणाचा टॉवेल कोणता ते ठरलेलं नाही, जेवायची वेळ नाही, आणि आईला आई म्हणायची सोय नाही — ऊटे म्हणायचं, सगळे समान! मला म्हणाली, "ईश्वरी, मी सात वर्षांची असताना एकदाच तिला मम्मा म्हटलं, तर घरात सगळ्यांची बैठक बसली." हसत होती सांगताना. मीही हसले.

तर तिला लग्न हवं होतं. साधंसुधं नाही — चर्च, घंटा, पांढरा झगा, आणि बापाने हात धरून आत न्यायचं. इथे बऱ्याच ठिकाणी नवरानवरी दोघंच चालत जातात, पण हिला बापच हवा. आणि बाप म्हणतात, मुलगी काय वस्तू आहे, एकाने दुसऱ्याच्या हातात द्यायला? पाद्र्यासमोर तर पाऊल टाकणार नाही! ऊटे त्यांच्या बाजूने. तत्त्वाचा प्रश्न. परवा संध्याकाळी शांती रडून निघून गेली आणि हे दोघं बागेत बसून मला उदाहरण म्हणून दाखवताहेत, माझ्यासमोरच — "वर राहते ती बघ, लग्नसंस्था काय करते माणसाचं! तोंडच शिवलंय."

मघाशी तुम्ही विचारलंत ना, माझं लग्न कुठे झालं, किती माणसं होती, आणि मी बोलणं बदललं? महाराष्ट्र मंडळात सगळ्यांना वाटतं ठरवून झालंय. वाटू दे. कोणाला सांगू नका हं — अगं बाई, ते बघा! आले! ऊटे नेहमीच्याच झग्यात, आणि युर्गन — अहो, दंडाला ताणलेला तो शर्ट कपिलचा आहे! खालचं बटण लागलेलं नाहीच. शांती कशी धावली बघा. चपला — नाही, आज बूट आहेत पायात, देवा.

काय? परवा बागेत शेवटी मी काय बोलले त्यांना? काही नाही हो, एवढंच. जर्मनमध्ये. ऊटेंच्या हातातला कप तसाच राहिला — "मला कोणी पाठवलेलं नाही. कपिल आमच्या जातीतला नाही, म्हणून मी घर सोडून आले. माझ्या बाबांचंही तत्त्वच होतं. ते रजिस्ट्रार ऑफिसात आले नाहीत, आणि मी सही करताना दाराकडे बघत होते, म्हणून ती सही वाकडी आलीय. शांतीही परवा दाराकडेच बघणार. तत्त्व घरी ठेवा, कोणी चोरत नाही. आणि पांढरा शर्ट नसेल तर सांगा, कपिलचा इस्त्री करून ठेवलाय."