स्केटिंगच्या तळ्यावरील फळ्या काढल्याबाबत

मी, ग्वेन टिस्डेल, वय ५२ वर्षे, धंदा नोकरी, केटलफोर्ड नगरपालिका, पावसाच्या पाण्याचा निचरा विभाग, राहणार ११, ऑर्चर्ड लेन, केटलफोर्ड, ऑन्टारिओ.

पोलीस ठाण्यात बोलावल्यावरून, खरे म्हणजे आणल्यावरून, समक्ष विचारल्याप्रमाणे सांगते की,

मी वरील पत्त्यावर पतीसह राहते. पती सध्या कामानिमित्त विनिपेगला आहेत. माझ्या सासूबाई व्हेरा टिस्डेल, वय ८१, टॅनरी स्ट्रीटवरील एका घराच्या तळघरात एकट्या राहतात. गुडघ्यांमुळे त्यांना जिना चढायला फार वेळ लागतो. ऐकूही कमी येते. जे ऐकायचे नसते ते अजिबात येत नाही. टॅनरी स्ट्रीट हा गावातला सर्वांत सखल रस्ता आहे.

त्याच्या वरच्या अंगाला नगरपालिकेचे तळे आहे. तळे म्हणतात तरी ते रिकामे राहण्यासाठीच खोदले आहे. जोराचा पाऊस झाला की वरच्या वस्तीतले पाणी त्यात थांबावे व सावकाश ओढ्याला जावे, एवढेच त्याचे काम. परंतु त्याच्या तोंडाशी सिमेंटच्या खाचा आहेत. त्यांत लाकडी फळ्या सरकवल्या की पाणी अडते, गोठते, आणि गावाला फुकटात स्केटिंगचे मैदान मिळते. मात्र तळे असे भरलेले असताना पाऊस आला तर पाणी थांबायला जागा उरत नाही व ते टॅनरी स्ट्रीटवर उतरते. ही पद्धत मी लग्न होऊन इथे येण्याच्या आधीपासूनची आहे.

गेल्या ऑक्टोबरात मी निचऱ्याचा नवा आराखडा सभेपुढे मांडला. तळे बाराही महिने रिकामे ठेवावे, हे त्यातले पहिलेच कलम. स्केटिंग मंडळाचे अध्यक्ष ब्रूस ॲबरनेथी, आमचे शेजारी, उठून म्हणाले, "आणि पोरांनी स्केटिंग कुठं करायचं, ग्वेन? तुझ्या आराखड्यावर?" सभागृह हसले. मी विचारले, "हिवाळ्यात पाऊस आला तर?" ते म्हणाले, "फेब्रुवारीत पाऊस! अगं बाई, तू कॅनडात राहतेस." सभागृह पुन्हा हसले. त्यानंतर 'स्केटिंगचा हंगाम वगळून' एवढे शब्द घालून आराखडा एकमताने मंजूर झाला. इतिवृत्तात 'सुधारणेसह' असे नमूद आहे.

आज शनिवार, हिवाळी जत्रा. कालपासून हवा उबदार झाली असून आज मुसळधार पावसाचा इशारा होता. गोठलेली जमीन थेंबभरही पाणी पीत नाही, वर साचलेले हिम वितळून भर घालते ते वेगळेच. मी सकाळी विभागप्रमुखांना फोन केला. ते म्हणाले, "आज जत्रा आहे, सोमवारी बसून बोलू." मी म्हणाले, "साहेब, पाऊस आज आहे." ते म्हणाले, "तेच म्हणतोय मी. पावसात कोण येणार?"

म्हणून मी पहार घेऊन तळ्यावर गेले. आधी बर्फावर कोणी नाही याची खात्री केली, काठाने दोरी बांधली व वरच्या दोन फळ्या काढल्या. त्या मीच काढल्या. त्याबद्दल पश्चात्ताप नाही. खालचे पाणी उतरू लागले तसा बर्फाला तडा गेल्याचा मोठा आवाज झाला व जत्रेतली माणसे जमली.

ब्रूस म्हणाले, "काय चाललंय हे? दुपारी पोरींचा नाच आहे त्याच्यावर!"

मी म्हणाले, "ब्रूस, खाली व्हेरा राहते."

"व्हेरा? ती तुला-मला पोचवून मग जाईल."

जमलेले लोक हसले. एका बाईंनी मला गरम चॉकलेटचा कप दिला व पोलिसांना फोन केल्याबद्दल माझी माफी मागितली.

कॉन्स्टेबल लाव्हॉई आले. त्यांची मुलगी दुपारच्या नाचात आहे, हे त्यांनी स्वतःहून सांगितले. मला म्हणाले, "मॅडम, आता त्या फळ्यांना हात लावायचा नाही." पहार जप्त झाली. ब्रूस यांनी दोन्ही फळ्या कॉन्स्टेबलांच्या समक्ष खाचेत ठोकून परत बसवल्या. ठोकताना पाऊस सुरू झाला होता. पाऊस थांबला की नाच होईल, असे लाउडस्पीकरवर सांगत होते.

ठाण्यात आल्यावर मी सासूबाईंना फोन केला. म्हणाल्या, "न्हाणीच्या मोरीतून बुडबुडे येताहेत गं. कोणीतरी खाली हुक्का ओढत बसल्यासारखे."

"आई, तुम्ही आत्ताच्या आत्ता वर जा. वरच्या भाडेकरूंकडे बसा."

"त्यांच्याकडे? त्यांचा चहा म्हणजे कप विसळलेलं पाणी. टीव्हीवर कर्लिंगचा सामना रंगलाय, तो संपू दे."

"आई, सामना राहू द्या!"

"काय? ऐकू येत नाहीये," असे म्हणून त्यांनी फोन ठेवला. वरचे भाडेकरू जत्रेला गेले आहेत, हे मला नंतर समजले. दुसऱ्यांदा फोन केला तेव्हा घंटा वाजत राहिली. तिसऱ्यांदा घंटाही वाजली नाही. टॅनरी स्ट्रीटवर कोणालातरी पाठवा, असे मी कॉन्स्टेबलांना सांगितले. सर्व माणसे जत्रेच्या बंदोबस्ताला आहेत, असे उत्तर मिळाले. मला स्वतःला जाऊ द्या, असे मी म्हणाले, तर आधी जबाब पूर्ण करा, असे कॉन्स्टेबल म्हणाले. म्हणून मी भराभर सांगत आहे.

हा जबाब मला वाचून दाखवला. मी सांगितला तसाच उतरवला आहे. फक्त 'सदर घटनेत कोणासही इजा नाही' हे वाक्य माझे नाही. ते खोडावे, असे मी म्हणाले. कॉन्स्टेबल म्हणाले, "मॅडम, ते छापीलच असतं." एवढ्यात त्यांच्या खांद्यावरच्या वायरलेसवर टॅनरी स्ट्रीटचे नाव आले, मग घराचा क्रमांक. क्रमांक सासूबाईंचा आहे. ते वाक्य कॉन्स्टेबलांनी स्वतःच्या हाताने खोडले.

सही, ग्वेन टिस्डेल