आपांना दिलेली किल्ली

तुम्हाला माझ्या मनीप्लांटचं सांगितलं का? आईनं अंबरपेठच्या घरून दिलेली वेल, म्हणून मी रोज न चुकता पाणी घालायचे. तरी पानं पिवळी पडून गळत होती. पंधरा दिवस पुण्याला जायचं होतं, तेव्हा शेजारच्या जुबेदा आपांना किल्ली देऊन बजावलं, "आपा, रोज पानी डालना, भूलना नक्को!"

परत आले तर वेलीला दोन नवी हिरवीगार पानं! तशीच धावत आपांकडे गेले. "आपा, क्या जादू किए?"

आपांनी मान खाली घातली. "गुस्सा नक्को करो. चाबी पैलेच दिन गुम गई. मैं अंदर गईच नै."

म्हणजे माझ्याच पाण्यानं ती बिचारी कुजत होती! मी आपांना घट्ट मिठी मारली, तशा त्या आणखीच घाबरल्या.